पेन्शनच्या मापाने मोजलेली वर्दी

गोदाकाठच्या पुणतांब्यात, किंवा राहाता-कोपरगाव पट्ट्यातल्या कुठल्याही गावात, बारावीचा निकाल लागला की सैन्यभरतीबद्दल दोन मते हमखास कानावर येतात. पहिले मत जुने आहे: ‘अभ्यासात पोराचं मन नाही, पण अंगानं बरा आहे, भरतीला सोडा. एकदा लागला की जन्माची काळजी मिटली.’ दुसरे मत २०२२ नंतरचे: ‘आता चारच वर्षांची नोकरी. बाविसाव्या वर्षी पोरगं परत दारात. त्यापेक्षा कंपनीत चिकटलेलं बरं.’ पहिले मत मुलाला सैन्यात ढकलते, दुसरे मागे ओढते. वरवर पाहता ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पण दोन्हींच्या तळाशी गृहीतक एकच आहे: सैन्याची किंमत म्हणजे पेन्शनची किंमत. पेन्शन होती तोवर वर्दी चांगली, पेन्शन गेली म्हणून वर्दी वाईट. हे गृहीतकच चुकीचे आहे आणि त्याचा भुर्दंड गावातली मुले भरतात, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय त्याचे खंडन करणे अन्यायाचे होईल. पेन्शनची ओढ हा लोभ नाही. १ जून २०१७ रोजी राज्यातल्या शेतकऱ्यांचा जो संप सुरू झाला, त्याची ठिणगी पुणतांब्याच्या ग्रामसभेत पडली होती. मागण्यांत कर्जमाफी होती, उत्पादन खर्चावर आधारित हमीभाव होता, दुधाचा दर होता. आणि साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याला पेन्शन हवी, हीही मागणी होती. कांद्याचा भाव कधी कोसळेल याचा भरवसा नाही, उसाचे बिल कारखाना देईल तेव्हा हाती पडणार, अशा घरात महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यात येणारी रक्कम म्हणजे चैन नसते. त्या रकमेवर आईचे औषध आणि धाकट्या बहिणीची फी ठरते. निवृत्त जवानाच्या घरची ही स्थिरता शेजारी वर्षानुवर्षे पाहत आलेले आहेत.

पुढे जून २०२२ च्या पहिल्या आठवड्यात पुणतांबेकर पुन्हा धरण्यावर बसले, आणि त्याच महिन्याच्या १४ तारखेला केंद्र सरकारने चार वर्षांसाठी ‘अग्निवीर’ भरणारी अग्निपथ योजना जाहीर केली. संपात मागितली तशी पेन्शन शेतकऱ्याला मिळालेली नव्हती; आता नव्या शिपायाचीही गेली. करोनामुळे दोन वर्षे भरती थांबली होती. त्याआधी धावण्यात आणि वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण होऊन लेखी परीक्षेची वाट पाहणाऱ्या मुलांना सगळे पहिल्यापासून करावे लागले. त्यांचा राग खरा होता. दोन्ही मते अशी अनुभवातून आलेली आहेत. मात्र अनुभव खरा असला तरी त्यातून काढलेला निष्कर्ष खरा असतोच असे नाही.

आधी ‘जन्माची काळजी मिटली’ या वाक्याकडे पाहू. हे जुन्या भरतीबाबतही अर्धेच खरे होते. शिपायाला पेन्शन लागू होण्यासाठी किमान पंधरा वर्षांची सेवा लागते. अठराव्या-विसाव्या वर्षी गेलेला जवान, बढत्या न मिळाल्यास, पस्तिशी-चाळिशीच्या आसपास गावी येतो. मुले तेव्हा शाळेत असतात, घर अर्धे बांधलेले असते, आईवडील थकलेले असतात. पेन्शनचा आधार होतो, पण आयुष्याची पुढची वीस-पंचवीस वर्षे काढायची असतात. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असलेला, कारखान्याच्या गेटवर नोंदवहीत सह्या घेणारा माणूस पुष्कळदा माजी सैनिकच असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय मिळणारी पेन्शन न्याय्य मिळावी यासाठीही भांडावे लागलेच: ‘समान पद, समान पेन्शन’साठी २०१५ मध्ये वयोवृद्ध माजी सैनिक दिल्लीच्या जंतरमंतरवर बसले होते. पेन्शन दोघांचीही सारखी असताना एक निवृत्त हवालदार आत्मविश्वासाने नवा व्यवसाय उभा करतो आणि दुसरा रात्रपाळीची खुर्ची शोधतो. हा फरक सेवेच्या वर्षांत कोण काय शिकला यातून पडतो. दुसऱ्या आयुष्याची तयारी जुन्या जवानालाही चुकली नव्हती. अग्निवीराला ती लवकर करावी लागते, इतकेच.

दुसरा मुद्दा ‘अभ्यासात गती नाही म्हणून भरती’ हा. पुणतांबा चांगदेवांच्या समाधीचे गाव आहे, तेव्हा इथे तरी या युक्तिवादाचे उत्तर नव्याने द्यावे लागू नये. कथेतले चांगदेव योगबळाने चौदाशे वर्षे जगले, वाघावर बसून हाती सापाचा चाबूक घेऊन निघाले. पण ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तेव्हा मायना सुचेना आणि कोराच कागद धाडला. शेवटी वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताबाईचे शिष्यत्व त्यांनी पत्करले. बळ पुष्कळ आणि कागद कोरा, ही अवस्था या गावाच्या परंपरेनेच अपुरी ठरवलेली आहे.

भरतीच्या नियमांनीही तेच ठरवले आहे. २०२३ पासून अग्निवीर भरतीत आधी संगणकावरची सामाईक प्रवेश परीक्षा होते आणि तीत निवडल्या गेलेल्यांनाच मैदानात बोलावतात. सामान्य ज्ञान, विज्ञान, गणित, तर्क असे तिचे विषय; चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. ही परीक्षा आता मराठीतूनही देता येते. त्यानंतरच १.६ किलोमीटरची धाव, जी साडेपाच मिनिटांच्या आत पुरी केली तर ६० गुण मिळतात, आणि दहा पुलअपचे ४० गुण. वर्षभर पहाटे धावून छाती फुगवलेला आणि पुस्तक न उघडलेला मुलगा आता मैदानापर्यंत पोहोचतच नाही.

आत गेल्यावर काय लागते, हे पाहायला लांब जाण्याची गरज नाही. मनमाड-दौंड लोहमार्गावर पुणतांब्याहून दक्षिणेला निघाले की अहिल्यानगर (नगर) लागते. तिथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, यांत्रिकी पायदळाचे रेजिमेंटल सेंटर आहे, आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळाही आहे. टी-९० रणगाड्यात फक्त तिघे बसतात: कमांडर, गनर आणि चालक. गनरसमोर रात्री उष्णतेवरून लक्ष्य दाखवणारी यंत्रणा असते, अंतर लेसरने मोजले जाते, नेम संगणक साधून देतो. या तिघांपैकी एकाचेही काम ‘डोके नको, दंड हवेत’ या सूत्रावर चालत नाही.

याच मताची एक पोटशाखा आहे: ‘लढणं रक्तात असावं लागतं.’ हा विचार आपला वाटतो, पण तो वसाहतकाळात पक्का झालेला आहे. काही जाती लढवय्या आणि बाकीच्या नालायक, अशी वर्गवारी इंग्रजांनी केली आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची सैन्यभरती बंद केली. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून पलटणींत लढत आलेल्या माणसांना एका फर्मानाने नालायक ठरवले गेले. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये तो लढा पुढे नेला आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. रक्ताचा सिद्धांत एवढ्यानेच कोसळला.

हे अर्ज केवळ पगारासाठी नव्हते. पलटणीत मान होता आणि पलटणीच्या शाळा होत्या. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत शिक्षक होते. तिथेच १८९१ मध्ये त्यांच्या घरी भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. सैन्याने त्या घराला दिलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट कोणती, असे विचारले तर सुभेदारांच्या पेन्शनचे नाव कोणी घेणार नाही. अक्षरओळख, शिस्त आणि वाचनाची सवय हेच उत्तर येईल. महाराष्ट्रातला हा सर्वांत बोलका दाखला डोळ्यांसमोर असताना आपण अजूनही वर्दी पेन्शनच्या मापाने मोजतो, याचे नवल वाटते.

आता दुसऱ्या मताकडे. ‘चार वर्षे वाया’ म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यात जेवढे खरे आहे तेवढे आधी मान्य करतो. अग्निवीराची सेवा प्रशिक्षणासह चार वर्षांची असते. त्यानंतर शंभरातल्या ‘पंचवीसपर्यंत’ जणांना नियमित सेवेत घेतले जाते. म्हणजे पंचवीस ही वरची मर्यादा आहे, हमी नाही. उरलेल्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पगार पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,००० असतो; त्यातला ३० टक्के कापून सेवा निधीत जातो, म्हणून पहिल्या वर्षी हाती २१,००० पडतात. शेवटी मिळणाऱ्या सुमारे ११.७१ लाखांत ५.०२ लाख त्याच्याच पगारातून कापलेले असतात, तेवढेच सरकारचे, वर व्याज. धोका मात्र चार वर्षांच्या आणि चाळीस वर्षांच्या नोकरीत सारखाच: ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तरुण अग्निवीराचा सियाचीनवर कर्तव्य बजावताना मृत्यू झाला. अशा घराला विम्याचे ४८ लाख आणि इतर रकमा मिळतात, पण नियमित सैनिकाच्या कुटुंबासारखी पेन्शन मिळत नाही. राज्यकर्त्यांना याचा जाब विचारणे योग्यच आहे आणि तो विचारण्याने देशभक्तीला बट्टा लागत नाही.

पण करार कठोर आहे एवढ्यावरून तो कोणीच करू नये, असे सिद्ध होत नाही. शेतकरी बियाण्याच्या पिशवीवरची बारीक अक्षरे वाचतो आणि मग पेरायचे की नाही ते ठरवतो. करारही तसाच वाचायचा असतो. २०१७ च्या कर्जमाफीची मर्यादा दीड लाख होती. सेवा निधी तिच्या जवळजवळ आठपट आहे, करमुक्त आहे आणि तो हाती येतो तेव्हा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा असतो. त्या वयात एवढे भांडवल, चार वर्षांची शिस्त आणि एखाद्या यंत्राची किंवा संदेशयंत्रणेची खरी ओळख असलेला तरुण रिकाम्या हाताने परतला, असे म्हणता येणार नाही. तो रिकामा परततो तो दोन प्रकारांनी: निधी थाटाच्या लग्नात आणि जुन्या देण्यात विरघळला तर, आणि चार वर्षांत पुस्तक उघडले नाही तर. दहावीवर गेलेल्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीच्या समकक्ष प्रमाणपत्राची सोय आहे. इग्नूने अग्निवीरांसाठी आखलेल्या पदवीत निम्मे श्रेयांक सेवेतल्या कौशल्य-प्रशिक्षणाचे धरले जातात. ‘चार वर्षे वाया’ हे भाकीत खरे ठरवायचे की खोटे, यातला मोठा वाटा मुलाच्या हातात आहे.

तिसरे एक मत कुजबुजीत ऐकू येते: ‘पैसे दिल्याशिवाय काम होत नाही.’ २८ फेब्रुवारी २०२१ ची सैन्यभरतीची लेखी परीक्षा पेपरफुटी उघड झाल्यामुळे देशभर रद्द झाली. पुणे परिसरात अटका झाल्या. पेपर विकत घेणाऱ्यांचे पैसे बुडाले, न घेणाऱ्यांचा वेळ बुडाला. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ म्हणणाऱ्याला वाटेला लावावे; त्याच्याकडे विकायला खोट्या आशेपलीकडे काही नसते.

खंडन इथे संपले. मग सैन्यात जाऊ पाहणाऱ्या मुला-मुलींना सांगायचे काय? माझ्या मते ‘जाऊ की नको’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा: कोणत्या दाराने, कोणत्या वयात, आणि बाहेर पडताना हातात काय असेल?

गावाला भरतीचे एकच दार माहीत आहे, मैदानाचे. प्रत्यक्षात पुणतांबा ज्या लोहमार्गावर आहे, त्याच्या दोन्ही टोकांच्या पुढे दारेच दारे आहेत. दौंडकडून पुण्याला गेले की खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए). मनमाडहून एका बाजूला नाशिक, जिथे तोफखान्याचे केंद्र आणि देवळालीला तोफखान्याचे विद्यालय आहे. दुसऱ्या बाजूला छत्रपती संभाजीनगर, जिथे राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून दहावी झालेल्या मुलांना निवडून एनडीएसाठी तयार करते. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएचे दार मुलींना उघडले आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. ‘भरती पोरांची’ हे वाक्य आता खरे राहिलेले नाही.

एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, शिक्षण बारावी. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवे. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यांतले ३०० एकट्या गणिताचे. पुढे निवड मंडळाची पाच दिवसांची चाचणी, तीही ९०० गुणांची. तिथे चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, गटाने अडथळे पार करायला लावतात आणि माणूस एकटा व चारचौघांत कसा वागतो ते पाहतात. प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा. याचा अर्थ सरळ आहे: अधिकारी होण्याचा निर्णय दहावीनंतर अकरावीला विषय निवडताना होतो, बारावीच्या निकालानंतर होत नाही. गणित सोडले त्या दिवशी किती दारे बंद झाली, हे मुलाला कोणी सांगितलेले नसते.

यावर आक्षेप येईल: ‘लाखो पोरं बसतात, एका परीक्षेतून चारशेच्या आसपास घेतात. आपल्या पोराचा काय पाड लागणार?’ आक्षेप रास्त आहे. उत्तर क्रमात आहे. साडेएकोणिसाला एनडीएची मुदत संपते. अग्निपथ जाहीर झाली तेव्हा तिची वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस ठेवली होती. पदवीनंतर सीडीएस (संयुक्त संरक्षण सेवा) परीक्षेतून चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत अधिकारी होण्याची संधी असते. म्हणून वरच्या दारापासून सुरुवात करावी. एनडीएसाठी केलेले गणित वाया जात नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेला तेच लागते आणि अग्निवीरच्या परीक्षेला त्याहून सोपे. जो अग्निवीर होऊन आतून पदवी पुरी करतो, त्याला चार वर्षांनी बाहेर पडल्यावरही वय शिल्लक असेल तर सीडीएस देता येते. नियमित जवानासाठी डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी होण्याची जुनी वाट आहेच. खालून सुरुवात करणाऱ्यालाही वर जाता येते, फक्त शिकणे थांबवून चालत नाही.

काही साध्या गोष्टी आधीच तपासाव्यात. रंग ओळखण्यातला दोष, सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणे यांमुळे दोन वर्षे धावलेला मुलगा एका दिवसात बाद होतो. जवळच्या डॉक्टरकडून हे सोळाव्या वर्षीच पाहून घ्यावे. आणि पोलीस पडताळणी होते, हे चळवळीच्या गावातल्या तरुणाने विशेष लक्षात ठेवावे. आंदोलन करावे, पण दगड उचलताना आपल्या अर्जाचाही विचार करावा.

शेवटचा मुद्दा कोणतीही अकादमी सांगत नाही, म्हणून पालकांनी सांगितला पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार संसद सशस्त्र दलांतल्या माणसांचे मूलभूत हक्क मर्यादित करू शकते. जवानाला संघटना काढता येत नाही, मोर्चात जाता येत नाही, संप तर नाहीच. ज्या गावाने संपाचा हक्क बजावून सरकारला चर्चेला बसवले, त्याच गावचा मुलगा वर्दी घालताना तो हक्क खाली ठेवतो. आदेश मिळाल्यावर जीव घ्यावा लागू शकतो आणि द्यावाही लागू शकतो. हे ज्याला पटते, ते का पटते हे जो स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो, त्याने जावे. प्रश्न विचारल्याने सैनिकपण उणे होत नाही. पुणतांब्याच्याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरांनी जी गीता मराठीत उतरवली, तिचा आरंभच एका योद्ध्याच्या शंकेने होतो. आत गेल्यावर विचारायला वाव कमी असतो, म्हणूनच ते आधी विचारून घ्यायचे.

तेव्हा शेती परवडत नाही म्हणून सैन्यात जाऊ नये, आणि पेन्शन नाही म्हणून सैन्य टाळू नये. ही दोन्ही कारणे सैन्याबाहेरची आहेत. शेती न परवडण्याचा जाब सरकारला विचारायचा आहे, आणि अग्निवीराच्या पेन्शनचाही. ती दोन्ही भांडणे मतदाराची आहेत, ती अठरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात बांधू नयेत. त्याने पाहायचे ते एवढेच: हे काम मला करायचे आहे का, त्याच्या सगळ्या अटी मी वाचल्या आहेत का, आणि त्याच्या सर्वांत वरच्या दारासाठी मी खरोखर प्रयत्न केला का. तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर चार वर्षेही पुरेशी आहेत. एकही ‘नाही’ असेल तर पेन्शनसह मिळालेली वीस वर्षेही त्याला जड जातील.